पदें, फार्स आणि तरुण मंडळी

आजच्या भाषणाचा विषय मीं निवडला नाहीं; तो माझ्या नातवानें माझ्यावर लादला. मुलगा दहावींत आहे. एका रात्रीं जेवण आटोपून तो टेलिव्हिजनपुढें बसला होता. पडद्यावर कोणी गृहस्थ लुगडें नेसून, बायकी आवाज काढून लोकांना हसवीत होते. मी पलीकडच्या खोलींतून म्हणालों, "बंद कर तो वाह्यातपणा!" त्यानें आवाज कमी केला आणि शांतपणें विचारलें, "आजोबा, तुमच्या त्या 'संशयकल्लोळां'त तरी दुसरें काय असतें? गाणीं आणि गोंधळच ना?"

पस्तीस वर्षें मुलांना शिकविल्यामुळें उद्धट प्रश्न आणि खरा प्रश्न यांतील भेद मला कळतो. हा प्रश्न खरा होता. दुसऱ्या दिवशीं मी कपाटांतील जुनीं पुस्तकें काढून बसलों, तेव्हां मुलाच्या बोलण्यांत त्याला ठाऊक होतें त्याहून अधिक तथ्य होतें असें मला आढळून आलें.

'संशयकल्लोळ' हें नाटक मुळांत संगीत नव्हतेंच. गोविंद बल्लाळ देवलांनीं तें प्रथम 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नांवानें १८९३ सालीं गद्यांत लिहिलें. त्याचें कुळही मराठी नाहीं. १६६० सालीं मोलिएरनें पॅरिसमध्यें संशयी नवऱ्याचा एक लहानसा फार्स रंगभूमीवर आणला. १७६१ सालीं आर्थर मर्फी यानें त्यावरून लंडनसाठीं 'ऑल इन द राँग' रचलें. आणि तें इंग्रजी नाटक देवलांनीं असें कांहीं मराठी करून घेतलें कीं फाल्गुनराव आणि कृत्तिका आपल्याच आळींत राहतात असें वाटावें. पुढें देवलांनीं त्यांत पदें घातलीं. गंधर्व नाटक मंडळीनें तें १९१६ च्या ऑक्टोबरांत रंगभूमीवर आणलें, तेव्हां देवलांना जाऊन चार महिने झाले होते. म्हणजे ज्याला आपण अभिजात म्हणून नमस्कार करतों तें नाटक जन्मानें फार्स, आणि पदें हा त्याला मागाहून चढविलेला दागिना!

जातां जातां सांगतों, हे देवल मॅट्रिक झालेले आणि बेळगांवच्या शाळेंत मास्तर होते. आमची अकरावीची जुनी मॅट्रिक आणि त्यांची मॅट्रिक एक नव्हे, हें मला समजतें. पण या गोष्टीचा मला थोडा अभिमान वाटतो तो वाटूं द्यावा.

त्या काळीं फार्साला मानाचें पान नव्हतें. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांपासून पौराणिक खेळ चालूं झाले. आणि पुढें देवदानव रंगपटांत गेल्यावर मागाहून एखादा फार्स लावण्याची चाल पडली. देवादिकांच्या कथेसाठीं बसलों होतों असें लोक सांगत, आणि फार्स संपेपर्यंत कोणी उठत नसे. संगीताची गोष्टही निराळी नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत 'शाकुंतला'चे पहिले चार अंक केले. त्याची स्फूर्ति त्यांना पारशी मंडळींचा 'इंद्रसभा' हा गाण्याचा खेळ पाहून झाली, असें सांगतात. कालिदासाचें नाटक खरें, पण त्यांतलीं पदें साक्या, दिंड्या, लावण्या यांच्या घरगुती वळणाचीं होतीं. म्हणून तीं माजघरापर्यंत पोंचलीं. पुढें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं १८९६ च्या 'वीरतनया'पासून पारशी-गुजराथी रंगभूमीवरील उडत्या चाली आणल्या, तेव्हां जुन्या रसिकांनीं नाकें मुरडलीं. तरुणांनीं मात्र त्या चाली रस्त्यांतून गुणगुणल्या. नव्या चालीवर कपाळाला आठी घालणारा मनुष्य दर पिढींत असतो. हल्लीं तें काम माझ्याकडे आलें आहे.

आणि 'शारदे'चें काय? १८९९ सालचें हें नाटक आज आपण सामाजिक म्हणून शिकवितों. पण त्या काळच्या प्रेक्षकाच्या जागीं बसून पाहा. पैशाच्या जोरावर कोंवळ्या मुलीशीं लग्न करूं पाहणारा जख्ख म्हातारा भुजंगनाथ, त्याला भरीस घालणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि या दोघांच्या फजितीवर खदखदून हसणारें नाटकगृह! त्या हशांत म्हाताऱ्यांची बाजू कोठेंच नव्हती; तें तरुणांचें नाटक होतें. (१९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणूं लागले, त्यामुळें तो या नाटकावरून निघाला असें कित्येकांना वाटतें. तें खरें नव्हे. तें नांव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलें आहे.) हसतां हसतां लोकांना आपल्या घरांतला भुजंगनाथ दिसला. व्याख्यानांनीं तें काम इतक्या लवकर झालें असतें असें मला, मास्तर असूनही, वाटत नाहीं.

मग बालगंधर्वांचा काळ आला. १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनीं दिलेल्या चालींनीं लोक वेडे झाले. बालगंधर्व नेसत तशीं लुगडीं, माळीत तशा वेण्या सुखवस्तु घरांतील स्त्रिया करूं लागल्या. येथें माझ्या नातवाला उत्तर देण्याजोगी एक गोष्ट मला सांपडली. भाऊराव कोल्हटकर काय किंवा बालगंधर्व काय, त्यांनीं लुगडें नेसलें तें स्त्रीचें लावण्य आणि तिचें शील लोकांपुढें उभें करण्यासाठीं. आज टेलिव्हिजनवर पुरुष लुगडें नेसतो तो बहुधा स्त्रीच्या चालण्याबोलण्याची टवाळी करण्यासाठीं. माझा राग त्या टवाळीवर आहे, फार्सावर नव्हे. रात्रीं मीं ओरडतांना हा भेद केला नव्हता, हा माझा दोष.

संगीत नाटकाच्या ऱ्हासाचें खापर आपण बोलपटाच्या माथीं फोडतों. 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं आला आणि नाटक मंडळ्यांना ओहोटी लागली, हें खरें. परंतु आम्ही प्रेक्षक कांहीं कमी अपराधी नव्हतों. एकेका पदाला 'वन्समोअर' देऊन आम्हीं खेळ पहांटेपर्यंत लांबविले, आणि कथेला दाराबाहेर उभें केलें. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' मंडळीनें 'आंधळ्यांची शाळा' हें मोजक्या पदांचें नाटक केलें, आणि त्याच वर्षीं अत्र्यांच्या 'साष्टांग नमस्कारा'नें नाना छंदांनीं पछाडलेल्या माणसांची टिंगल करून थिएटरें भरलीं. पदांनीं दमलेली रंगभूमि हशानें जगविली, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

माझे वडील 'मानापमाना'तलीं पदें गुणगुणत, म्हणून माझ्या आजोबांनीं त्यांना लहानपणीं छडीनें मारलें होतें. हें वडीलच आम्हांला सांगत. त्याच वडिलांनीं आम्हां भावंडांना टेलिव्हिजन पाहण्याची बंदी केली! मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां मी तेरा वर्षांचा होतों. गिरगांवांतल्या आमच्या चाळींत कांहीं वर्षांनीं एका बिऱ्हाडीं तो संच आला आणि चिमणराव व गुंड्याभाऊ यांची मालिका लागूं लागली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. संच बिनरंगाचा, खोली दहा बाय बाराची, आणि चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. वडील म्हणाले, "पेटींतला पोरकटपणा!" मीं धीर करून सांगितलें कीं या कथा चिं. वि. जोशांच्या आहेत, आपल्याच कपाटांतल्या. ते कांहीं बोलले नाहींत. पुढच्या आठवड्यांत ते दाराशीं उभे राहून पाहत होते, आणि हसूं आलें कीं खोकल्याचें निमित्त करीत.

हें सारें स्वतः अनुभवूनही मीं मास्तर झाल्यावर काय केलें? १९९४ सालच्या स्नेहसंमेलनांत सातवींतील एका मुलानें शिक्षकांच्या नकला बसविल्या होत्या. त्यांत माझीही होती. ती हुबेहूब होती, म्हणूनच मला झोंबली. "शाळेंत असले चाळे नकोत," असें म्हणून मीं त्याचा कार्यक्रम आदल्या दिवशीं यादींतून खोडला आणि त्याच्या जागीं एक समूहगीत घातलें. मुलगा रडला नाहीं. त्यानें आणलेली, माझ्यासारखीच, काळ्या दांडीची छत्री उचलली आणि तो घरीं गेला. शाळा सोडीपर्यंत तो पुन्हां रंगमंचावर चढला नाहीं. विनोदी कार्यक्रमांतून छोट्या गांवांतलीं साधीं मुलें नांवारूपास येतांना पाहिलीं कीं ती छत्री मला आठवते.

'मानापमाना'वर २०२५ च्या जानेवारींत नवा चित्रपट आला, तेव्हां नातवाला घेऊन गेलों होतों. चाली बदलल्या म्हणून मी कुरकुरलों. त्याला त्या आवडल्या. परवां मात्र आम्हीं तह केला. त्याचा विनोदी कार्यक्रम मी एक वेळ सबंध, मध्यें न बोलतां पाहावयाचा. 'संशयकल्लोळ' त्यानें सबंध पाहावयाचें. त्याच्या कार्यक्रमांत दोन प्रवेश मला अगदीं निर्बुद्ध वाटले. तिसऱ्यांत एक भाडेकरू आणि घरमालक होते, त्यावर मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलों. खोकल्याचें निमित्त केलें नाहीं.

'संशयकल्लोळ' पाहतांना पहिल्या दोन पदांना त्यानें जांभया दिल्या. पण ती तसबीर एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातीं जाऊं लागली तसा तो पुढें सरकून बसला. फाल्गुनरावाचा संशय अगदीं शिगेला पोंचला तेव्हां तो मला म्हणाला, "आजोबा, हा सरळ तिला विचारत कां नाहीं?" मीं म्हटलें, "विचारलें तर नाटक संपेल." तो म्हणाला, "मग नको विचारूं दे," आणि उरलेला अंक पाहूं लागला.