छावणीच्या पाटीवर कोण नाही

विष्णुपुरीहून नांदेडात या. गोदावरीच्या काठानं गुरुद्वाऱ्यांच्या पाट्या लागतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांची छावणी इथं पडली. बहादूरशहा बादशहा भाऊ कामबक्षवर चालून निघाला होता, त्या लष्कराबरोबर गुरू दक्षिणेत आले. ऑक्टोबरात पठाणाच्या वारानं झालेल्या जखमेनं इथंच गेले. पुढं महाराजा रणजितसिंगानं १८३२ ते १८३७ मध्ये सचखंड बांधलं. एवढं कुणीबी सांगंल.

मला दुसरं इचारायचंय. छावणी म्हणजे एकटा पुढारी काय? तंबूच्या मेखा कुणी ठोकल्या? घोड्याला गवत कुणी कापलं? मेलेलं जनावर कुणी ओढलं? लष्कर कुणाचंबी असो, ह्या हातांची नावं बखरीत नसतात.

गुरूनं मात्र नावं घेतली होती. १६९९ साली आनंदपूरला शीर द्यायला पाच जण उठले. एक खत्री, एक जाट, एक पाणक्या, एक कापड छापणारा, एक न्हावी. गुरूनं त्यांना अमृत पाजलं आणि त्यांच्याच हातून आपण घेतलं. मी गिरणीतला, म्हणून त्या छापणाऱ्या मोहकमचंदापाशी माझी नजर अडते. न्हावी साहिबचंद तर बिदरचा, आपल्या शेजारचा.

पण पाणक्या, छापणारा आणि न्हावी तिघंबी चमकौरच्या लढाईत पडले. नांदेडला पोचले खत्री दयासिंग आणि जाट धरमसिंग. बिदरच्या साहिबसिंगाला घराजवळची छावणी दिसलीच नाही. त्याआधी १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला. ते शीर आनंदपूरला नेणारा भाई जैता रंघरेटा होता. म्हणजे गावाबाहेरचा, आमचाच.

बाबासाहेबांनी १९३६ साली अमृतसरला शिखांच्या परिषदेत भाषण केलं. हा पंथ त्यांनी पारखून पाहिला. १९५६ साली गेले बुद्धाकडं. पंथात मजहबी शीख आजबी वेगळा मोजला जातो. गुरूनं एका वाटीतून पाजलं, जातीनं पुन्हा वाट्या वेगळ्या मांडल्या.

आता आपलं बघा. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणलं तर ह्याच जिल्ह्यात आमची घरं जळाली. पोचिराम कांबळेंना मारलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच सालच्या १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरसाठी विष्णुपुरीत निराळं विद्यापीठ निघालं. ज्या नावासाठी नांदेडचा माणूस जळला, ते नाव नांदेडच्या पोराच्या पदवीवर आलंच नाही.

म्हणून गड्यांनो, पाटीला नुसता दगड समजू नका. नावासाठी इथं माणसं मेलीत. गुरूच्या छावणीला माझा जयभीम. पण त्या पाटीखाली मोकळी जागा असंल तर आधी पाणक्याचं, छापणाऱ्याचं, न्हाव्याचं आणि जैत्याचं नाव लिहा. जागा पुरत नसंल तर पाटी मोठी करा.