धुक्यात सायकल चालवताना चष्मा धूसर होतो, तेव्हा काय करावे?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे भागात पहाटे अनेकदा धुके पडते. पहिल्या पाळीला सायकलवर निघणारे कामगार, शिकवणीला जाणारी मुले, घरोघरी दूध घालणारे यांना त्यातूनच जावे लागते. त्यांपैकी चष्मा लावणारे दवाखान्यात हमखास एक वाक्य सांगतात: "वाफ धरली म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला." गेल्या हिवाळ्यात मनगट मोडून आलेल्या एका रुग्णाचे असेच झाले होते. रस्त्यावरचा गतिरोधक त्यांना दिसलाच नाही.

चष्मा काढणे हा उपाय नाही. उणे ३ नंबर असलेल्या व्यक्तीला चष्म्याशिवाय सुमारे ३३ सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. त्यात धुक्याची भर पडली की खड्डा, कुत्रा, समोरून येणारी गाडी यांपैकी काहीच वेळेवर दिसत नाही.

काच धूसर का होते?

यामागे दोन वेगळी कारणे असतात.

*आतून:* आपला श्वास उबदार आणि दमट असतो. तो गार काचेला लागला की वाफेचे बारीक थेंब होतात. घामामुळेही असेच होते. सायकल चालू असताना वारा ही वाफ उडवतो, म्हणून सिग्नलला थांबल्यावर त्रास वाढतो.

*बाहेरून:* धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. सायकल पुढे जाते तसे ते काचेवर बसत जातात.

थांबल्यावर धूसर झाले आणि निघाल्यावर साफ झाले, तर वाफ आतली समजावी. चालवताना थेंब वाढत गेले, तर ते बाहेरचे.

घरून निघण्यापूर्वी

- चष्मा साबणाच्या सौम्य पाण्याने धुवा, झटका आणि आपोआप वाळू द्या. काचेवर साबणाचा अतिशय पातळ थर राहतो. त्यामुळे पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरते आणि आरपार दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी मास्क लावणारे डॉक्टरही ही युक्ती वापरतात. परिणाम काही काळच टिकतो, म्हणून रोज करावे.
- टूथपेस्ट, राख किंवा थुंकी वापरू नका. पहिल्या दोन्हींनी काचेवर ओरखडे पडतात. अँटी-फॉग द्रव घ्यायचा असेल तर तो तुमच्या काचेच्या कोटिंगला चालेल का, हे चष्म्याच्या दुकानात विचारा.
- मफलर नाकावर सैल गुंडाळला की श्वास थेट वर चष्म्याकडे जातो. त्याऐवजी नाकाशी तार असलेला मास्क घट्ट बसवा. गरज पडल्यास वरच्या कडेला मायक्रोपोर चिकटपट्टी लावा.
- दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी चष्म्यासाठी नाक-तोंड उघडे टाकू नये. गार हवेने श्वासनलिका आकुंचन पावून धाप लागू शकते. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर जवळ ठेवा.
- पुढे झाप असलेली टोपी घातल्यास बाहेरचे थेंब थोडे अडतात. हेल्मेटखाली बसेल अशी पातळ टोपी घ्या.

रस्त्यावर असताना

- चालत्या सायकलवर एका हाताने चष्मा पुसू नका. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर पुढे जाते. पुसायला ५ सेकंद लागले, तर तुम्ही २० मीटर न बघता गेलात.
- डावीकडे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा. आधी थेंब झटका, मग कोरड्या सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पुसा. कापड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, म्हणजे ते दमट होणार नाही.
- काळा गॉगल घालू नका. पुढचा दिवा थोडा खाली वळवा. मागे लाल दिवा लावा.
- समोरचे दिसेनासे झाले तर उतरून सायकल हातात धरून कडेने चाला किंवा धुके विरेपर्यंत थांबा. कामावर उशीर झाला तरी चालेल.

कॉन्टॅक्ट लेन्स लावावी का?

लेन्सवर वाफ धरत नाही, पण गार वाऱ्याने डोळे कोरडे पडू शकतात. लेन्स हाताळण्यापूर्वी हात धुवून कोरडे करा आणि लेन्सला नळाचे पाणी कधीही लावू नका, त्यातून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. डोळा लाल झाला किंवा दुखला तर लेन्स काढा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

धुके काचेवर आहे की डोळ्यांत?

काही जण अनेक महिने चष्माच पुसत राहतात आणि खरे कारण डोळ्यांत असते. घरी चांगल्या उजेडात, स्वच्छ चष्मा लावून एकेक डोळा झाकून पाहा. तरीही धूसर दिसत असेल तर नंबर बदलला असेल, मोतीबिंदू असेल किंवा मधुमेहात साखर वरखाली होत असेल. येत्या काही दिवसांत डोळे तपासून घ्या, मधुमेह असल्यास साखरही.

त्याच दिवशी, वेळ न घालवता रुग्णालयात जा: डोळा अचानक खूप दुखू लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, सोबत डोकेदुखी किंवा उलटी झाली. हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो आणि उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, तर दुखत नसले तरी लगेच जा.