चाक आले, हुकूम मात्र दांड्याचाच

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेचे सुकाणूचे चाक तोफगोळ्याने उडाले. आता जहाज भरकटणार असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही. खलाशांनी खालच्या मजल्यावर जाऊन सुकाणूचा दांडा थेट ओढायला सुरुवात केली. हुकूम वरून सुटत होते आणि जहाज वळत होते.

हे जमले, कारण जहाज वळवण्याचे काम चाक करतच नाही. ते काम सुकाणूचे, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला पाण्यात बिजागऱ्यांवर बसवलेल्या उभ्या फळीचे. तिच्या डोक्यात आडवा दांडा असतो आणि तो पुढे, जहाजाच्या आत आलेला असतो. दांडा उजवीकडे ढकलला की फळी डावीकडे जाते आणि जहाजही डावीकडे वळते. ही साधी तरफच आहे.

जहाजे उंच झाली तेव्हा दांडा खालच्या मजल्यावर राहिला. मग वरून तो हलवण्यासाठी त्याच्या टोकाला एक उभा सोटा जोडू लागले. १६२८ साली बुडालेल्या स्वीडनच्या 'वासा' जहाजावर अशीच सोय होती. परंतु सोट्याने दांडा थोडाच फिरे. अठराव्या शतकाच्या आरंभापासून सोटा काढून टाकून त्या जागी चाक बसवले जाऊ लागले. विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे चाकाच्या आसावर दोर गुंडाळत आणि त्याची दोन टोके कप्प्यांवरून दांड्याच्या दोन बाजूंना नेत. चाकाची त्रिज्या आसाच्या त्रिज्येपेक्षा बरीच मोठी, म्हणून थोड्या जोरात मोठा दांडा हले.

सोटा गेला, पण भाषा गेली नाही. हुकूम अजूनही दांड्याच्या दिशेने दिले जात. 'स्टारबोर्ड' म्हणजे उजवी बाजू. हुकूम 'स्टारबोर्ड' असा सुटला की दांडा उजवीकडे न्यायचा; अर्थात जहाज डावीकडे वळायचे! हा शब्दही एक अवशेषच आहे. फार पूर्वी वल्ह्यासारखे सुकाणू जहाजाच्या उजव्या बाजूला बांधत. ती 'सुकाणूची बाजू' म्हणून स्टारबोर्ड.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक'वर समोर हिमनग दिसताच अधिकाऱ्याने हुकूम दिला, 'हार्ड अ-स्टारबोर्ड'. सुकाण्याने चाक डावीकडे फिरवले. चौकशीत त्याने सांगितले, की टक्कर होण्यापूर्वी जहाज दोन पॉइंट, म्हणजे सुमारे साडेबावीस अंश, डावीकडे वळले होते. हुकूम आणि वळण दोन्ही रूढ रीतीनुसारच होते. आज ती नोंद वाचणाऱ्याला मात्र सुकाण्या चुकला असे वाटू शकते. जुनी कागदपत्रे त्या काळच्या यंत्रासह वाचावी लागतात, ती यासाठी.

हुकूमांच्या दोन परस्परविरुद्ध रीती एकाच समुद्रात असणे धोक्याचे होते. १९२९ साली लंडनमध्ये झालेल्या समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात ठरले, की जहाज ज्या बाजूला वळवायचे त्याच बाजूचे नाव हुकमात घ्यायचे. ब्रिटनने त्यासाठी १९३२ मध्ये कायदा केला. सोटा काढल्यानंतर त्याची भाषा काढायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पुठ्ठ्याच्या होडीला मागे टाचणीवर फिरणारी पट्टी लावा व तिचा दांडा आत आणा. मग एका विद्यार्थ्याला फक्त 'उजवीकडे!' असे सांगा. तो काय फिरवतो, दांडा की होडी, ते पाहा. चर्चेला तेवढे पुरे.