रुळांचें माप आणि संगणकाचा गाभा



बार्शीचें नांव आगगाडीच्या इतिहासांत नोंदलें गेलें तें १८९७ सालीं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अवघ्या अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला. कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये हा नियम त्यानें सर्व गाड्यांस लावला. त्यामुळें त्या मार्गापुरती सारी व्यवस्था एकमेळानें चाले. अडचण होती ती कुर्डुवाडीस. तेथील मोठ्या गाडीचे रूळ साडेपांच फुटी. तिचा डबा बार्शीच्या मार्गावर चढणें अशक्य. माल उतरून पुन्हां भरावा लागे. डबा शाबूत, रूळही शाबूत. जुळत नसे तें केवळ माप. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत बार्शीचे रूळ रुंद झाले, तेव्हां कोठें हा भेद मिटला.

असाच मापाचा भेद आज घरच्या संगणकांत उद्भवतो. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला. आरंभीं प्रत्येक उपकरण चालविण्याची आज्ञावली गाभ्यांतच एकजीव केलेली असे. नवें उपकरण आलें कीं गाभा पुन्हां बांधावा लागे. १९९५ सालच्या १.२ या आवृत्तीपासून मॉड्यूल नांवाचे सुटे भाग गरजेप्रमाणें जोडण्याची सोय झाली. परंतु हे भाग ज्या आवृत्तीसाठीं घडविले, तिलाच ते बसतात. प्रत्येक आवृत्तीच्या भागांचें कपाट निराळें असतें, आणि गाभ्याला हवा असलेला भाग त्याच्याच आवृत्तीच्या कपाटांत शोधला जातो.

आतां समजा, नवी आवृत्ती बसवितांना जुनें कपाट काढून टाकलें. पण संगणक पुन्हां सुरू न केल्यामुळें जुनाच गाभा चालू राहिला. किंवा नवा गाभा आरंभींच्या विभागांत पोहोंचलाच नाहीं. मग आवाज बंद होतो, वायफाय नाहींसें होतें, आणि पडद्यावर 'मॉड्यूल सांपडत नाहीं' अशी अक्षरें उमटतात.

येथें पुष्कळ गृहस्थ घाबरून सारा संगणक पुसून टाकतात, आणि त्याबरोबर मुलांचीं छायाचित्रें व घरचे हिशेबही जातात. तसें करण्याचें कारण नाहीं. प्रथम संगणक पुन्हां सुरू करावा. तेवढ्यानें न भागल्यास 'युनेम' या आज्ञेनें चालू गाभ्याची आवृत्ती विचारावी व कपाटांच्या नांवांशीं ताडून पाहावी. कपाट आहे पण सूची बिघडली असेल, तर 'डेपमॉड' ती नव्यानें तयार करतें. कपाटच नसेल, तर गाभा व मॉड्यूल हीं दोन्ही एकाच आवृत्तीचीं पुन्हां बसवावीं. जाळें बंद असल्यास दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हनें आणावीं. आरंभींच्या यादींत मागील गाभा शिल्लक असला व त्याचें कपाट जागेवर असलें, तर तो निवडूनही तूर्त काम भागतें.

वस्तु हरवली असें वाटलें म्हणजे ती मोडली असें मानूं नये. आधीं मापें ताडावीं. पुसण्याचा विचार अगदीं शेवटीं.