गावचा भोंगा

न्यूझीलंडच्या छोट्या गावात नव्याने राहायला आलेला माणूस कधी ना कधी रात्री दोन वाजता दचकून उठतो. युद्धाच्या सिनेमात विमानं येण्याआधी वाजतो तसला भोंगा गावभर घुमत असतो. शेजारीपाजारी मात्र कूस बदलून परत झोपलेले. कारण हा भोंगा त्यांच्यासाठी नसतोच. तो असतो गावातल्या दहा-पंधरा जणांसाठी. कुणी गॅरेजवाला, कुणी शिक्षिका, कुणी गोठेवाला. भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून किंवा अंथरुणातून उठून त्यांनी बंब गाठायचा.

मंडळी, आपल्याकडे अग्निशामक दल म्हणजे पालिकेची नोकरी. इथे दर पाच जवानांपैकी चार स्वयंसेवक आहेत, तेही बिनपगारी! देशभरात त्यांची संख्या दहा हजारांच्या वर जाते. पूर्वी त्यांना बोलवायला घंटा असायची, मग विजेचे भोंगे आले. आता खिशात पेजर आणि मोबाईल आहेत, तरी बऱ्याच केंद्रांच्या छपरावर किंवा खांबावर भोंगा टिकून आहे. नवे रहिवासी झोपमोडीची तक्रार करतात, जुने चिडतात, आणि स्थानिक वर्तमानपत्राला एक बातमी मिळते.

आता यंत्राची गंमत बघा. यात ना पडदा, ना स्पीकर. एक खिडक्यांचा स्थिर डबा आणि त्याच्या आत मोटारीवर गरगर फिरणारा तसाच दुसरा डबा. आतला डबा पंख्यासारखी हवा मधून ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो. खिडकीसमोर खिडकी आली की हवा सुटते, भिंत आली की अडते. ५० हर्ट्झच्या विजेवर साधी मोटर मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. खिडक्या १० असतील तर सेकंदाला ४८० झोत, आणि हीच त्या आवाजाची पट्टी. महायुद्धातल्या ब्रिटिश भोंग्यांत एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला १२ खिडक्या असत. ६:५ हे प्रमाण म्हणजे आपला षड्ज आणि कोमल गंधार! मोटर चालू-बंद केली की आवाज चढतो-उतरतो. फ्रान्सच्या कान्यार द ला तूरने १८१९ मध्ये असं यंत्र केलं आणि त्याला 'सायरन' नाव दिलं. तत्त्व अजून तेच आहे.

यंत्राचा दोष एकच. ते ओरडतं, पण काय झालंय ते सांगत नाही. अर्थ माणसांनी आधी ठरवावा लागतो. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकरांना तो पाठ होता: चढता-उतरता म्हणजे धोका, सलग म्हणजे धोका टळला. इथे तोच चढउतार ऐकून लोक म्हणतात, 'कुठेतरी आग लागली वाटतं', आणि टीव्ही बघत बसतात. मग त्सुनामी आली तर?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २६ मार्च १९४७ ला गिझबर्नजवळच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत पाणी चढलं. आधीचा भूकंप इतका सौम्य जाणवला होता की कुणाला संशयही आला नाही. हंगाम संपत आला होता आणि किनारा तुरळक वस्तीचा, म्हणून कुणी दगावलं नाही. २००४ च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीनंतर जगभर किनारी भोंग्यांची मागणी वाढली. नॉर्थलंड, क्राइस्टचर्च अशा ठिकाणी भोंग्यांची जाळी उभी राहिली, पण हे भोंगे इलेक्ट्रॉनिक. जुन्या मोटारवाल्याला भरपूर वीज लागते, आणि मोठ्या भूकंपात पहिली जाते ती वीजच.

तरी यंत्राच्या मागे माणूस असतोच. १४ नोव्हेंबर २०१६ ला मध्यरात्री कैकोऱ्याला ७.८ चा भूकंप झाला. क्राइस्टचर्चचे भोंगे वाजले ते जवळजवळ दोन तासांनी. कैकोऱ्याच्या किनाऱ्यावर लाटा केव्हाच पोचल्या होत्या. उलट ५ मार्च २०२१ ला दूरच्या केर्माडेक बेटांजवळ ८.१ चा धक्का बसला, तेव्हा हाताशी वेळ होता. नॉर्थलंडमध्ये भोंगे वाजले, आणि २०१७ पासून सुरू झालेला मोबाईलवरचा इशाराही आला. लोक टेकड्यांवर गेले.

म्हणजे लाट लांबून येणार असेल तर भोंगा कामाचा. जवळून येणार असेल तर अधिकाऱ्याने बटण दाबेपर्यंत पाणी दारात. म्हणून इथे लहान पोरांनाही एक वाक्य शिकवतात: 'लाँग ऑर स्ट्राँग, गेट गॉन'. धक्का लांबला किंवा जोराचा बसला, की निघा. त्यातला 'किंवा' महत्त्वाचा, कारण १९४७ चा धक्का जोराचा नव्हताच. वेलिंग्टनच्या किनारी उपनगरांत तर रस्त्यावर निळ्या रेघा मारल्यात. पाणी पोचू शकेल अशा भागाची ती हद्द. रेघ ओलांडेपर्यंत वर चालत राहायचं, भोंगा वाजो न वाजो.

छपरावरचा जुना भोंगा मात्र अजून गॅरेजवाल्याला रात्री दोनला उठवतो. तो त्या कामासाठीच होता, आणि ते काम तो चोख करतो.