कार्बनचे चार हात

रेणू डोळ्यांना दिसत नाही. मग त्याचा आकार ठरविला कोणी आणि कशाच्या जोरावर?

कार्बनच्या अणूला चार हात असतात, हे १८५८ पर्यंत कळून चुकले होते. ते एकाच पातळीत पसरलेले असतात की चहूंकडे, हा प्रश्न होता. १८७४ साली हॉलंडमधील बावीस वर्षांच्या व्हांट हॉफने तो मोजणीने सोडविला. मिथेनमध्ये कार्बनला चार हायड्रोजन जोडलेले असतात. त्यांतील दोन काढून तेथे क्लोरीन बसविले, तर सपाट चौकोनात दोन तऱ्हा निघाल्या पाहिजेत : क्लोरीन शेजारी-शेजारी, किंवा समोरासमोर. प्रत्यक्षात असा पदार्थ एकच मिळतो. चतुष्फलकात मात्र प्रत्येक टोक उरलेल्या तिन्हींच्या शेजारीच असते. तेथे तऱ्हा एकच. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेलनेही स्वतंत्रपणे तसाच विचार मांडला.

लाइपझिगचे नामवंत प्राध्यापक कोल्बे यांनी १८७७ साली या कल्पनेची जाहीर टवाळी केली. व्हांट हॉफची पशुवैद्यक शाळेतली नोकरीदेखील त्यांनी सोडली नाही. मुद्द्याला उत्तर नसले की माणसाची पायरी काढायची, हा प्रकार आम्हां कामगारांच्या चांगला ओळखीचा आहे.

१९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी हिरा तपासला. प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन, चतुष्फलकाच्या टोकांवर. दोन बंधांमधील कोन सुमारे १०९.५ अंश. कोल्बे आणि व्हांट हॉफ दोघेही तोवर निवर्तले होते. मोजणी तेवढी उरली, आणि ती खरी ठरली.