कडेवरचं मूल

आजचा एपिसोड घरात लहान मुलं आजूबाजूला असतील तर हेडफोन लावूनच ऐका, वाचणार असाल तर एकट्याने वाचा. विषय लहान मुलांच्या अपहरणाचा आणि खुनांचा आहे. अंगावर येणारी वर्णनं मी मुद्दाम गाळलीत, त्यांची गरजही नाही.

संध्याकाळी सातची वेळ, कल्याण स्टेशनचा पूल. कडेवर मूल घेतलेली बाई गर्दीतून वाट काढतेय. आपण काय करतो? जरा बाजूला सरकतो. कुणी म्हणतं, "अहो, त्या ताईंना जाऊ द्या." तिच्या पिशवीकडे किंवा हाताकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि ते मूल तिचंच आहे का, हे तर कुणी विचारतच नाही.

१९९० ते १९९६ या काळात तीन बायकांनी नेमकी हीच गोष्ट वापरली. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. नावं तुम्ही ऐकली असतील. २०१९ साली यावरून 'पोशम पा' नावाचा हिंदी चित्रपटही आला, झी फाइव्हवर. माही गिल, सयानी गुप्ता, रागिनी खन्ना. या धाटणीच्या सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये सगळा सस्पेन्स आईच्या डोक्यात असतो: ती अशी का झाली, मुली तिच्या कह्यात कशा गेल्या. प्रश्न चांगलाय. पण मला दुसराच छळतो. सहा वर्षं हे कुणाच्या लक्षात का आलं नाही?

आधी घर समजून घेऊ. अंजनाबाई मूळची नाशिककडची. एका ट्रक ड्रायव्हरबरोबर पळून पुण्याला आली. रेणुका झाली, आणि तो सोडून गेला. मग सैन्यातून निवृत्त झालेल्या गावितांशी संसार, त्यातून सीमा. तोही मोडला, त्यांनी दुसरं लग्न केलं. अंजनाबाईने तो राग आयुष्यभर जपला. मायलेकी पाकीटमारी आणि सोनसाखळ्या चोरून जगत होत्या. (या सगळ्याला "म्हणून त्या तशा झाल्या" असं म्हणायला मी तयार नाही. नवऱ्याने टाकलेल्या बायका या राज्यात लाखांनी असतील. त्यांनी धुणीभांडी केली आणि पोरं वाढवली.)

असं सांगतात की १९९० मध्ये पुण्यातल्या एका मंदिरात रेणुका चोरी करताना पकडली गेली. तेव्हा तिच्याजवळ तिचं स्वतःचं लहान मूल होतं. तिने कांगावा केला: लेकुरवाळी बाई चोरी करेल का? लोक ओशाळले आणि तिला सोडून दिलं. मूल जवळ असलं की गर्दी आपल्या बाजूची होते, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर दुसऱ्यांची मुलं उचलायला सुरुवात झाली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली आणि गरिबाघरची. चोरी अंगाशी आली तर त्याच मुलाला इजा करायची, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. आणि मूल जड झालं, रडायला लागलं की त्याला संपवायचं.

मुलं उचलली गेली ती कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे, कल्याण अशा ठिकाणांहून. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. आपल्या कल्याण जंक्शनला रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. सकाळी एका शहरात, रात्री दुसऱ्या. आणि तक्रार? फलाटावर मूल हरवलं तर रेल्वे पोलीस. जिना उतरून बाहेर हरवलं तर शहर पोलीस. कल्याणचं मूल कल्याणच्या रजिस्टरमध्ये, कोल्हापूरचं कोल्हापूरच्या. आज जे मोबाइलवर दोन मिनिटांत होईल, त्यासाठी तेव्हा कुणीतरी दोन जिल्ह्यांची रजिस्टरं शेजारी ठेवून वाचायला हवी होती. तशी ती कुणी वाचली नाहीत. आणि बाळ घेतलेल्या बाईवर संशय घ्यायला तर पोलीसही माणसंच, तेही पुलावरच्या आपल्यासारखे बाजूला सरकले.

मग हे उघड कसं झालं? घरातल्याच भांडणातून. अंजनाबाईने सूड म्हणून दुसऱ्या नवऱ्याच्या नव्या संसारातली मुलगी पळवली. सीमाची ती सावत्र बहीण, वय जेमतेम नऊ. बाकीच्या मुलांच्या आयांना कुणावर बोट ठेवायचं हेच माहीत नव्हतं, कारण मूल नेणारी अनोळखी होती. इथे मात्र त्या मुलीच्या आईला या मायलेकी माहीत होत्या. संशयाला नाव होतं. १९९६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तिच्या धाकट्या मुलीलाही पळवण्याचा बेत शिजत असताना, नाशिकमध्ये अटक झाली. एका मुलीचा तपास सुरू झाला आणि सहा वर्षांचं सगळं बाहेर यायला लागलं.

अंजनाबाई १९९७ मध्ये कोठडीतच वारली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००४ ला उच्च न्यायालयाने आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अपहरणं तेरा. वरच्या कोर्टात टिकलेले खून पाच. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, कारण दयेचे अर्ज निकाली काढायला सात वर्षांहून जास्त लागली होती. कोर्टाने सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर बोट ठेवलं. आधी कागद एकमेकांना भेटले नाहीत, शेवटी कागद पुढे सरकला नाही.

दरम्यान काही गोष्टी बदलल्या. १९९६ मध्येच, म्हणजे या अटकेच्याच वर्षी, मुंबईत १०९८ ही मुलांची हेल्पलाइन सुरू झाली. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण धरून चालायचं. "चोवीस तास थांबा, येईल घरी" असं कुणी म्हणालं तर त्याला कायद्याचा आधार नाही. हद्दीचं कारणही चालत नाही. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. फलाटावर असाल तर १३९, एरवी ११२.

पण आपल्या डोक्यातलं चित्र बदललं नाही. डोंबिवलीत लहानाचे मोठे झालेले तुम्ही असाल तर "पोरं पळवणारा" म्हटल्यावर काय दिसतं? खांद्यावर पोतं, वाढलेली दाढी, परक्या मुलखाची भाषा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच चित्राने पाच माणसं मारली. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. व्हॉट्सअॅपवर टोळी फिरतेय असे मेसेज होते आणि जमावाला एवढं पुरलं. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले, तिथेही असल्याच अफवा होत्या. खऱ्या प्रकरणात मूल नेणाऱ्या तिघी साडीत होत्या, मराठी बोलत होत्या आणि त्यांच्या कडेवर बाळ होतं.

हा एपिसोड लिहीत असतानाच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पांढरी व्हॅन, चार माणसं, "आपल्या एरियात फिरत आहेत, सावध राहा, पुढे पाठवा." मी विचारलं, कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? तीन जणांनी मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग एका काकूंनी गुड नाइटचं गुलाबाचं फूल टाकलं.